वाडग्यातला भात आणि वरचा मासा

जपानी भाषेत ‘दोन्बुरी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. चिनी मातीचा मोठा, खोलगट, बहुधा झाकण असलेला वाडगा हा त्याचा एक अर्थ. त्या वाडग्यात गरम भात घालून त्यावर एखादा शिजवलेला किंवा मुरवलेला पदार्थ मांडला, की जे एकाच भांड्यातले पुरे जेवण तयार होते ते म्हणजेही दोन्बुरीच. पदार्थाच्या नावात या शब्दाचा पहिला भाग तेवढा शेपटासारखा जोडला जातो. उनागी या वामासारख्या माशाचे ‘उनादोन’, तळलेल्या तेम्पुराचे ‘तेनदोन’; आणि कोंबडीचे मांस व अंडे एकत्र शिजवून घातले तर ‘ओयाकोदोन’, म्हणजे शब्दशः आईबाप व लेकरू यांचा वाडगा. जपानी विनोदबुद्धी कधीकधी थोडी निष्ठुर असते, ती अशी.

मराठी वाचकाने येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे माशाच्या रश्श्याला ‘कालवण’ म्हणतात, आणि त्या शब्दातच भात खाण्याची आपली रीत सांगितलेली आहे. भात व रस्सा बोटांनी एकजीव केल्यावाचून आपल्याला जेवल्यासारखे वाटत नाही. दोन्बुरीत भात आणि मासा कालवले जात नाहीत. मासा वर, भात खाली. वरच्या पदार्थाचा रस झिरपून भाताचा वरचा थर तेवढा भिजतो आणि तळचा भात पांढराच राहतो. खाणारा वरून खाली घासाघासाने उतरत जातो, आणि प्रत्येक घासाची चव थोडी निराळी लागते. तेव्हा हा पदार्थ घरी करून पाहणाऱ्याने रस्सा कमी झाला अशी तक्रार करू नये. तो कमीच असावयाचा असतो.

हा प्रकार मुख्यतः शहरात वाढला. आजच्या तोक्योचे जुने नाव एडो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ते जगातील मोठ्या शहरांपैकी एक होते, आणि एकटे राहणारे कारागीर, हमाल व नोकर यांची तेथे दाटी होती. त्यांना झटपट आणि स्वस्त जेवण हवे असे. उनादोनाची जी कथा सांगतात ती याच शहरातली, १८०४ ते १८१८ या काळातली. ओकुबो इमासुके नावाचा एक गृहस्थ नाटकशाळांना भांडवल पुरवीत असे. भाजलेला उनागी त्याला फार प्रिय. परंतु नाटकशाळेत मागवून घ्यावा तर तो वाटेतच निवे. म्हणून त्याने गरम भाताच्या वाडग्यात मासा घालून वर झाकण ठेवून आणावयास सांगितले. कथा पूर्ण खरी असो वा नसो, तिच्यातला युक्तिवाद मात्र खरा आहे. भात माशाला ऊब देतो आणि मासा भाताला चव देतो. एडोच्याच फुकागावा भागातले कोळी तिसऱ्यांचा मिसो घातलेला रस्सा पातीच्या कांद्यासह भातावर ओतून खात. ‘फुकागावा-मेशी’ या नावाने तो आजही मिळतो. मिए प्रांताच्या शिमा द्वीपकल्पावरच्या कोळ्यांचा ‘तेकोने-झुशी’ही याच घराण्यातला म्हणावा लागेल. सोया सॉसमध्ये मुरवलेल्या माशाच्या फोडी आंबट भातात हाताने मिसळून तो करतात. म्हणजे कालवणे जपानला अगदीच अपरिचित आहे असेही नाही!

एडोतील या पांढऱ्याशुभ्र भाताची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. खेड्यातला शेतकरी तांदळात जव किंवा भरड धान्ये मिसळून खात असे. शहरातला मनुष्य सडलेला तांदूळ पोटभर खाई आणि त्याचे पाय सुजत, अंगातले बळ जाई. त्या रोगाला ‘एडोचे दुखणे’ असेच नाव पडले होते. आपण त्याला बेरीबेरी म्हणतो. आरमाराचे वैद्यक अधिकारी ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ या जहाजावरच्या खलाशांचा आहार बदलून हा रोग आटोक्यात येतो हे दाखवून दिले; पुढे १९१० मध्ये सुझुकी उमेतारो यांनी तांदळाच्या कोंड्यातून त्यावर गुणकारी ठरणारे द्रव्य वेगळे काढले. दोन्बुरीबरोबर जो लोणच्याचा तुकडा येतो, तो पुष्कळदा तांदळाच्या कोंड्यात मुरवलेला असतो. त्याला केवळ शोभेची वस्तू समजून बाजूला सारू नये.

आता भाताकडे वळू. या पदार्थात मासा मानाने वर बसतो हे खरे, परंतु वाडगा बिघडतो तो बहुधा भातामुळे. तांदळातील पिष्टाचे दोन घटक असतात, अमायलोज व अमायलोपेक्टिन. अमायलोज अधिक असेल तर भात मोकळा, शीत न् शीत वेगळे असा होतो. कमी असेल तर मऊ आणि परस्परांना धरून राहणारा होतो. जपानी आखूड दाण्याच्या तांदळात त्याचे प्रमाण साधारण १६ ते २० टक्के असते. भारतातील पुष्कळ लांब दाण्याच्या जातींत ते याहून बरेच अधिक आढळते. १९५६ मध्ये नोंदली गेलेली ‘कोशिहिकारी’ ही जात जपानी गृहिणीला प्रिय झाली ती याच मऊ, चकचकीत गुणामुळे. आपल्याकडे बासमती हा उत्तम तांदूळ; परंतु या कामासाठी तो निरुपयोगी आहे, कारण काड्यांनी उचलताना त्याची शिते गळून पडतात आणि वरचा रस थेट तळाशी जाऊन साचतो. आंबेमोहर किंवा इंद्रायणी घ्यावा. दोन्ही मऊ शिजतात आणि शिते एकमेकांना धरतात. आंबेमोहराचा सुवास जपानी भातात नसतो. तो माशावर किंचित कुरघोडी करतो, पण ती सहन करण्याजोगी आहे.

जपानात तांदूळ ‘गो’ या मापाने मोजतात. एक गो म्हणजे १८० मिलिलिटर, वजनाने सुमारे १५० ग्रॅम. चौघांसाठी तीन गो, म्हणजे ४५० ग्रॅम तांदूळ पुरेसा होतो. पहिले पाणी घालताच एकदोनदा हात फिरवून ते लगेच ओतून टाकावे. कोरडा दाणा पाणी झपाट्याने शोषतो आणि पहिल्या धुवणातला कोंड्याचा वास त्याबरोबर आत जातो. नंतर तीनचार पाण्यांनी हलक्या हाताने धुवावे. तांदूळ रोवळीत निथळून जाड बुडाच्या पातेल्यात घ्यावा, त्यात सुमारे ६५० मिलिलिटर पाणी मोजून घालावे आणि अर्धा तास भिजू द्यावा. थंडीत एक तास लागतो. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडे कमी करावे. हे प्रमाण आपल्या घरच्या तांदळावर एकदा पडताळून पाहावे लागते. वर जड झाकण ठेवून मोठ्या आचेवर उकळी आणावी, मग आच अगदी मंद करून १२ मिनिटे शिजवावे आणि चुलीवरून उतरवून झाकण न काढता आणखी १० मिनिटे वाफ जिरू द्यावी. या अखेरच्या दहा मिनिटांत पुष्कळांचा धीर सुटतो. भात वेळून पाणी काढण्याची रीत येथे चालत नाही. झाकण काढल्यावर ओल्या लाकडी उलथन्याने तळापासून भात अलगद वरखाली करावा, घोटू नये.

भातावर काय मांडावे? जपानी घरांत उनागी नित्याचा नाही. तो महाग आहे, आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जपानी उनागीची नोंद धोक्यात आलेल्या जातींत केली. त्यामुळे घरगुती स्वयंपाकात तारली किंवा सान्मा हा मासा त्याच पद्धतीने, म्हणजे ‘काबायाकी’ करून, भातावर घालतात. मासा उघडून, काटा काढून, गोडसर सॉसमध्ये तो चकचकीत होईतो परतावयाचा, एवढीच ती कृती. आपल्या किनाऱ्यावर तारली मुबलक मिळते आणि बांगडाही या कामाला उत्तम आहे. दोन्ही तेलकट मासे असल्यामुळे गोड-खारट सॉस त्यांना मानवतो. पापलेटासारखा नाजूक मासा यात हरवून जातो. त्याची उधळपट्टी कशाला?

चौघांसाठी मध्यम आकाराचे चार बांगडे घ्यावेत. डोके व आतडी काढून, स्वच्छ धुऊन, फडक्याने पूर्ण कोरडे करावेत. पोटाच्या बाजूने सुरी कण्याला लागून सरकवीत मासा पुस्तकासारखा उघडावा, पाठीचे कातडे अखंड ठेवावे आणि कणा शेपटीपाशी तोडून उचलून घ्यावा. बरगड्यांचे काटेही खरवडून काढावेत, कारण हा मासा काड्यांनी किंवा चमच्याने खाल्ला जातो आणि आपल्या बोटांना काटा शोधण्याची जी सवय आहे ती येथे उपयोगी पडत नाही. सॉससाठी ६० मिलिलिटर सोया सॉस, तितकेच मिरिन आणि एक मोठा चमचा साखर एकत्र करून ठेवावी. मिरिन हे चिकट तांदळापासून केलेले गोड पाकासारखे द्रव्य असून त्यात सुमारे १४ टक्के मद्यार्क असतो. ते मिळत नसेल किंवा घरात चालत नसेल तर ६० मिलिलिटर पाण्यात चार लहान चमचे साखर विरघळवून वापरावी. झळाळी थोडी कमी येते, चवीत फार बिघडत नाही.

उघडलेल्या माशावर गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ अगदी पातळ भुरभुरावे. या पिठामुळेच सॉस माशाला धरून राहतो. तव्यावर एक मोठा चमचा तेल तापवून प्रथम कातड्याची बाजू खाली ठेवावी व उलथन्याने दाबून तीन मिनिटे, मग उलटून दोन मिनिटे भाजावे. मांस अपारदर्शक होऊन सहज पदर सुटू लागले म्हणजे मासा शिजला. तव्यातले जास्तीचे तेल टिपून घ्यावे, नाहीतर सॉस माशावर बसत नाही, तेलावर तरंगतो. मग सॉस ओतावा, आच वाढवावी, आणि तो दाटू लागेपर्यंत चमच्याने माशावर घालीत राहावे. एकदा दाटू लागला की मिनिटाभरातच करपतो, म्हणून या वेळी चुलीपासून हलू नये. वाडग्यात भात, भातावर चमचाभर सॉस, त्यावर मासा, वर पातीचा कांदा व भाजलेले तीळ. ‘नोरी’ या समुद्रशेवाळाचा पापड मिळाल्यास त्याचे बारीक काप.

काबायाकीवर जपानी लोक ‘सान्शो’ची पूड टाकतात. सान्शो म्हणजे काय हे कोकणी माणसाला समजावून सांगावे लागणार नाही; तो आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद आहे, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही दोघांचे कुळ एकच. जिभेला बधिरासारख्या मुंग्या आणणारा तोच गुण, आणि तेलकट माशाशी तेच सख्य. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालणारा मालवणी स्वयंपाकी आणि उनागीवर सान्शो भुरभुरणारा जपानी आचारी एकमेकांना न भेटता एकाच निर्णयाला आले. तिरफळाच्या आतली काळी बी काढून टाकावी, साल हलके भाजून कुटावी आणि चिमूटभरच घालावी.

हे साधे मिश्रण इतके रुचकर का लागते, याचेही उत्तर जपानातच शोधले गेले. १९०८ मध्ये इकेदा किकुनाए यांनी कोम्बू या समुद्रशेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढून त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. १९१३ मध्ये कोदामा शिन्तारो यांना वाळवलेल्या कात्सुओ माशात अशाच गुणाचे इनोसिनेट सापडले. दोन्ही द्रव्ये एकत्र आली की चव बेरजेने नव्हे तर त्याहून किती तरी अधिक वाढते. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट आहे आणि माशात इनोसिनेट. वाडग्यात त्यांची गाठ पडते. कात्सुओ उकडून, धुरावर शेकून, वाळवून लाकडासारखा टणक करतात व रंध्याने त्याची टरफले काढून रस्सा बनवितात. असेच काही आपल्या देशातही होते, हे थोड्यांना ठाऊक असते. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर त्याच जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून ‘मासमिन’ करतात.

सोया सॉसच्या बाबतीत हात आवरावा. त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमहून कमी सांगितली आहे. वर दिलेल्या मापात माणशी एक मोठा चमचा सॉस येतो. म्हणजे हा वाडगा खाल्ला त्या दिवशी पापड आणि खारवलेले लोणचे यांना रजा द्यावी, आणि भातात मीठ घालूच नये.

आता कच्च्या माशाचा प्रश्न. दोन्बुरीची जी रंगीत चित्रे पाहावयास मिळतात त्यांत लालभडक कच्च्या माशाचे काप हमखास असतात, आणि तसेच घरी करावे असा मोह होतो. आमचे मत स्पष्ट आहे: आपल्या बाजारातून आणलेला मासा कच्चा खाऊ नये. जपानात जो मासा कच्चा खातात तो त्याच हेतूने पकडलेला, त्याच हेतूने हाताळलेला आणि होडीपासून वाडग्यापर्यंत थंडीत ठेवलेला असतो. आपल्या बाजारातला मासा उत्तम असला तरी तो शिजवण्यासाठी विकला जातो. समुद्रातील माशांत ‘अनिसाकिस’ नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात; त्या जिवंत पोटात गेल्या तर काही तासांत असह्य कळा येतात. सोया सॉस, मीठ, वासाबी किंवा व्हिनेगर यांनी त्या मरत नाहीत. जपानी आरोग्य खात्याचा नियम असा, की मासा उणे २० अंश सेल्सिअसला २४ तासांहून अधिक काळ गोठवावा, किंवा ६० अंशांना एक मिनिट तापवावा. अमेरिकेत त्याच थंडीत सात दिवस ठेवण्यास सांगतात. घरातल्या शीतकपाटाचा बर्फाचा कप्पा पुष्कळदा तेवढा थंड होत नाही. गोड्या पाण्यातल्या माशांची गोष्ट याहून गंभीर. त्यांतील काही कृमी यकृतात घर करतात, म्हणून रोहू, कटला किंवा मरळ कच्चा खाण्याचा विचारही करू नये. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि आजारी माणसे यांच्या पानात कोणताही कच्चा मासा नको.

शिजवल्याने मात्र सर्वच संकटे टळतात असे नाही, आणि ही गोष्ट बांगडा, तारली व कुपा खाणाऱ्या प्रत्येक घराने समजून घेण्याजोगी आहे. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य पुष्कळ असते. मासा उन्हात किंवा बर्फावाचून पडून राहिला की जीवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन उकळून, तळून किंवा गोठवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, जीभ चुरचुरते, अंगावर पित्त उठते. पुष्कळ लोक मग मला मासा सोसत नाही असे म्हणून जन्मभर तो सोडतात. दोष बर्फाच्या अभावाचा असतो. डोळे तजेलदार आणि कल्ले लाल आहेत एवढ्यावर येथे भागत नाही, कारण हिस्टामिन दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बर्फात ठेवलेलाच मासा घ्यावा, घरी आणतानाही डब्यात बर्फ असावा, आल्याबरोबर साफ करून थंड जागी ठेवावा आणि त्याच दिवशी शिजवावा. पहिल्या घासालाच मिऱ्यासारखी तिखट चुरचुर जाणवली आणि तिरफळ तर घातलेले नाही, तर वाडगा बाजूला ठेवावा.

भाताविषयीही असेच एक वाक्य. शिजवण्यात न मरणारे काही जीवाणूंचे बीज तांदळात असते आणि कोमट भातात ते जागे होते; म्हणून उरलेला भात ओट्यावर रात्रभर न ठेवता लवकर निववून शीतकपाटात ठेवावा.

वाडगा हातात उचलून तोंडाशी नेणे जपानात असभ्य मानले जात नाही, उलट तीच रीत आहे. काड्या भातात उभ्या खोचू नयेत. मृताच्या नावाने ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. ज्यांना काड्या जमत नाहीत त्यांनी चमचा घ्यावा. नागोया शहरात उनागीचा ‘हित्सुमाबुशी’ नावाचा एक प्रकार असतो, तो खाण्याची पद्धत घरच्या बांगड्यालाही लागू करून पाहावी. पहिला भाग आहे तसा खातात, दुसरा कांद्याची पात व नोरी घालून, आणि शेवटचा थोडा भात व मासा उरला की त्यावर गरम चहा किंवा माशाचा निवळ रस्सा ओततात. हा चहा दुधाचा नव्हे, हिरव्या पानांचा. आपल्या जेवणाच्या शेवटी ताकभाताची जी जागा, तीच तेथे या चहाभाताची.